गोदामातल्या सर्व्हरच्या दोन वायरी

मी, खाली सही करणारी, वय ३४ वर्षे, धंदा ऑफिसांत सर्व्हर बसवणे व त्यांची देखभाल, राहणार औषध गोदामामागच्या गल्लीत, दुसरा मजला, आईसोबत. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून खरे ते सांगते की,

सदर गोदामात माझा मोठा भाऊ स्टोअरकीपर आहे. तो लग्नानंतर वेगळा राहतो. गोदामाचे काम मला त्याच्याच शब्दावर मिळाले. "बहीण आहे म्हणून नाही, काम चोख करते म्हणून सांगतोय," असे तो माझ्यासमोर मालकांना म्हणाला होता.

गोदामातील सर्व कॅमेऱ्यांचे चित्रण एका सर्व्हरवर साठते. मागच्या महिन्यात त्याचे नेटवर्क कार्ड जळाले आणि अर्ध्या दिवसाचे चित्रण गेले. म्हणून मालकांनी मला दुसरे कार्ड बसवायला सांगितले. एक कार्ड बंद पडले तर दुसऱ्याने आपोआप काम उचलावे, अशी जोडणी मी केली. दोन्हींच्या वायरी वेगवेगळ्या स्विचमध्ये लावल्या, म्हणजे एखादा स्विच गेला तरी चित्रण थांबू नये.

गेल्या मंगळवारी जेवणाच्या सुट्टीत तपासणी ठेवली. वेळ दादाने सुचवली. त्या वेळी हमाल बाहेर गेलेले असतात. मी ऑफिसात स्क्रीनसमोर बसले, दादा सर्व्हरच्या खोलीत होता आणि आम्ही फोनवर बोलत होतो. मी सांगितल्यावर त्याने पहिली वायर काढली. चित्र क्षणभर अडखळले आणि पुढे चालू राहिले. ती परत लावून दुसरी काढली, तेव्हाही तसेच झाले. मी म्हटले, "झालं दादा, पास."

तो म्हणाला, "आता दोन्ही काढून बघू. मालकांच्या फोनवर इशारा जातो का ते कळेल. पण आधी त्यांना सांगून ठेव, नाहीतर जेवणावरून उठतील बिचारे."

मला ते पटले. इशारा आला तरी लक्ष देऊ नका, असे मी मालकांना कळवले.

दोन्ही वायरी काढल्यावर स्क्रीन काळी झाली. मी परत लावायला सांगितले. दादा म्हणाला, "अगं, दोन्हींच्या टोकाच्या क्लिपा तुटल्या. नवीन टोकं बसव." सामान घरी होते, म्हणून मी घरी गेले. आईने पाणी दिले, ते उभ्यानेच प्यायले. परत आले तेव्हा गोदामाचे मागचे शटर अर्धे वर होते आणि दादा घामाघूम झाला होता. विचारल्यावर, "आत फार कोंदट झालंय," म्हणाला. वायरी पाहिल्या तर क्लिपा शाबूत होत्या. "मला काय कळतंय त्यातलं," असे म्हणून तो हसला. मीही हसले. वायरी लावताच चित्रण सुरू झाले.

दुसऱ्या दिवशी थंड खोलीतील महागड्या इंजेक्शनांची खोकी कमी निघाली. मालकांनी मला बोलावले. दादा शेजारीच उभा होता. तो मालकांना म्हणाला, "हिने काहीतरी उलटसुलट जोडलं, म्हणून बंद पडलं. मी तर जेवायला गेलो होतो." मी त्या वेळी काही बोलले नाही. का, असे विचारल्यावरून सांगते की, तो माझ्याकडे बघेल म्हणून मी थांबले होते.

काल वहिनी घरी येऊन आईशी दार लावून बोलली. ती गेल्यावर आई मला म्हणाली, "तुझी चूक निघाली तर चूकच म्हणतील. त्याची निघाली तर आत टाकतील. चूक झाली म्हण आणि मोकळी हो."

मी विचारले, "म्हणजे तुला माहीत आहे?"

आई उठून स्वयंपाकघरात गेली.

माझ्या जोडणीत चूक नव्हती. दोन्ही वायरी मी नाही, दादाने काढल्या. तो जेवायला गेलेला नव्हता. माझ्याशी फोनवर बोलत होता. त्याच्याशी माझे पूर्वीचे भांडण नाही. भाऊ सख्खा आहे.

हवालदारांनी वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला. दार उघडे होते. आई माझ्यासोबत आली असून बाहेर बाकावर बसली आहे, तिनेही तो ऐकला. काही बदलायचे आहे का, असे मला पुन्हा विचारण्यात आले. बदलायचे नाही. मी सांगितले तसेच लिहिले आहे.