आरशावरचं कात्रण

हॅलो?… हं, बोल ताई… नाही गं, नेहमीचंच, पेपरातलं आरोग्याचं पान लावतेय. बोल तू.

…चष्म्याचा नंबर? सहा महिन्यांपूर्वीच तर बदललास!… सुईत दोरा ओवला जात नाही? तुला? तीस वर्षं शिलाई करतेस, डोळे मिटूनही ओवशील तू… बरं, आणि?… तहान? तांबेच्या तांबे पाणी?

ताई, एक विचारते, खरं सांग. मधुमेहाच्या गोळ्या घेतेस ना?



…'आता गरज नाही' म्हणजे काय? कुणी सांगितलं, डॉक्टरांनी?… संशोधकांनी! वा! घरी आले होते का? चहा तरी विचारलास त्यांना?

…हो, हो… अगं ऐक ना… बरं, तूच बोल… कुठल्याशा पेपरात आलंय. झालं तर मग! डॉक्टर बिचारे उगाच इतकी वर्षं शिकत बसले.

…किती दिवस झाले बंद करून?… अठरा! भाऊजींना माहीत आहे?… नाही. छान. बरी होऊन एकदम चकित करायचं होतं वाटतं त्यांना.

…काय करायचं म्हणे? सोळा तास उपाशी राहायचं, की स्वादुपिंडातल्या गेलेल्या पेशी पुन्हा उगवतात. उगवतात! स्वादुपिंड आहे की कुंडी? पाणी घालत जा हं. घालतेसच म्हणा, तांबेच्या तांबे.

…चिडू नकोस. अगं, अशा बातम्या आठवड्याला ढिगानं येतात माझ्या टेबलावर. कसं असतं सांगू? एका प्रयोगशाळेत धडधाकट उंदरांना आधी मुद्दाम मधुमेह करतात. मग त्यांना उपाशी ठेवतात. त्यातले काही सुधारतात. सगळे नाही, काही. मग त्यांना कापून पेशी मोजतात… हो, कापून! सुधारलेल्यांनासुद्धा. बक्षीस म्हणून सोडत नाही कुणी. आणि उंदराचं आयुष्य ते केवढं, दोन-तीन वर्षांचं. त्याला ना शिलाई, ना गिऱ्हाइकांची कटकट. त्याला लागू पडलं म्हणून तुला पडेलच असं नाही. माणसांपर्यंत पोचायच्या आधीच बहुतेक गोष्टी गळतात.

…उंदीर नाहीत त्यात? एकदाही नाव नाही?… कमाल झाली! कुठल्या दिवट्यानं लिहिलंय हे?… कुणी आणून दिलं, गिऱ्हाइकानं? कात्रण आहे? वाच, वाच. तेवढीच करमणूक.

…'मधुमेहाचं कुलूप अखेर उघडलं!' अहाहा! किल्ली कुणाच्या खिशात आहे ते नाही ना लिहिलं?… पुढे?… 'आपलं शरीर थकत नाही, ते फक्त आपली वाट…'

थांब.

परत वाच ते.

…नाही, ऐकू आलं. ताई, कात्रणाच्या खालच्या कडेला जाहिरात दिसते का? निळ्या गादीवर झोपलेली बाई… अर्धीच? हं. अर्धीच दिसणार.

ते मी लिहिलंय.

…अगं, आमच्या पानावर कुणाचंच नाव नसतं… होते ताई, उंदीर होते! शेवटच्या सहा ओळींत. 'हे प्रयोग उंदरांवर झाले आहेत, कुणीही आपली औषधं बंद करू नयेत.' ऐन वेळी ती गादीची जाहिरात आली आणि जागा कमी पडली. खालूनच कापतात ना मजकूर… कुणी म्हणजे? मीच. मथळा लहान करता आला असता. पण फार आवडला होता तो मला. कुलूप म्हणे!

…हसतेस काय? हसू नकोस गं, रडू येतंय मला इथे.

ते राहू दे. साखर मोजायचं यंत्र आहे ना? आत्ता मोज. मी थांबते… टोच बोट. दिवसभर सुया टोचून घेतेस आणि आता घाबरतेस?… किती?

…तीनशे सेहेचाळीस.

…नको, गोळी मनानं घेऊ नकोस. मनानं बंद केलीस तेवढं पुष्कळ झालं. भाऊजींना हाक मार, गाडी काढायला सांग आणि सरळ डॉक्टरांकडे जा. उद्या नाही, आत्ता. अठरा दिवस म्हणून सांग, कमी करून सांगू नकोस. माझं नाव घे खुशाल.

आणि ते कात्रण फाडून टाक आधी… निघत नाही? असं कुठे चिकटवलंस?

…कपडे घालून बघायच्या खोलीत. आरशावर… 'सगळ्यांचं भलं व्हावं म्हणून'. अगं बाई!

…वाचून कोण कोण म्हणालं, आम्हीही करतो म्हणून?… शाळेतल्या बाई. त्यांनीही बंद केल्या?… केकवाली… आणि तिची सासू? ती तर इन्शुलिनवर आहे ना गं!

ऐक. मापांच्या वहीत सगळ्यांचे नंबर असतात ना? भाऊजींना म्हण, निघायच्या आधी पानांचे फोटो काढून पाठवा. अठरा दिवसांत जी जी येऊन गेली, तिचं पान… छापू गं खुलासा, छापूच. कोपऱ्यात, दोन ओळींचा. तो कोण आरशावर चिकटवतंय? निघ तू. पोचलीस की कळव. ठेव.

…

हॅलो?… नमस्कार. टेलरबाईंची धाकटी बहीण बोलतेय… नाही, झगा नाही झाला तयार. त्यासाठी नाही केला फोन. सासूबाई बऱ्या आहेत ना तुमच्या?… झोपून आहेत. कधीपासून?… अहो, त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात न्या. इन्शुलिन बंद केलंय हे सांगा तिथे… हो, आरशावरचा लेख वाचलात, माहीत आहे… छान लिहिलाय… हो, हो… अहो ऐका ना! मीच लिहिलाय तो. त्यात उंदीर छापायचे राहिलेत.