घरच्या गाडीचे कोटिंग

नाव: वेगळ्या कागदावर दिले आहे, गल्लीत सगळे अण्णा म्हणतात. वय: बहात्तर. शिक्षण: पाचवी. धंदा: पूर्वी बर्फाच्या कारखान्यात राखणदार, आता घरीच. राहणार: उतारावरच्या रस्त्याचे वरचे टोक, मुलाजवळ.

मी स्वतः पोलीस ठाण्यात हजर राहून, कोणी न शिकवता, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी, मुलगा व सून असे राहतो. मुलाची जुनी गाडी आहे, ती तो भाड्याने चालवतो. घर तिच्यावरच चालते. मुलगी याच गावात, खालच्या बाजाराजवळ दिली आहे. जावयांचे तेथे गॅरेज आहे.

आमच्याकडे हवेत खार असल्याने गाड्या खालून सडतात. वरून चकचकीत दिसते आणि खालचा पत्रा बिस्किटासारखा तुटतो. मला या गंजाची धास्ती आहे. मी अधूनमधून गोणपाट पसरून गाडीखाली शिरायचो व स्क्रू ड्रायव्हरने सगळीकडे ठोकून बघायचो. सुनेला ते आवडत नसे, कारण कपडे तिला धुवावे लागत. शेवटी गेल्या वर्षी मुलाच्या मागे लागून मी गाडीला खालून कोटिंग करून घ्यायला लावले.

जावई म्हणाले, बाहेर कशाला जाता, घरचे गॅरेज असताना. कोटिंगची रीत अशी असते की गाडी वर उचलून खालचा चिखल धुवायचा, गाडी पूर्ण वाळू द्यायची, गंज तारेच्या ब्रशने खरवडायचा आणि मग काळा थर मारायचा. गिऱ्हाइकांच्या गाड्यांना जावई तसेच करतात. आमची गाडी घरची. गिऱ्हाइकांचे काम संपेपर्यंत ती बाहेर उभी होती. संध्याकाळी वर घेतली आणि अंधार पडायच्या आत आमच्या हातात दिली. मी तेथेच स्टुलावर बसून होतो. आधी धुणार नाही का, असे मी विचारले. जावई हसून माझ्या मुलीला म्हणाले की तुझे वडील दवाखान्यात गेले तर सलाईनची बाटलीही हलवून बघतील. सगळे हसले. मीही हसलो. फुकट काम करून घेत होतो, त्यामुळे पुन्हा विचारता आले नाही.

निघताना जावई म्हणाले, "अण्णा, आता खाली शिरून टोचत बसू नका. थर फुटला तर माझ्याकडे यायचं नाही." त्या दिवसापासून मी गाडीखाली गेलो नाही. येथे साहेब मला म्हणाले की मुद्द्याचे बोला. मुद्दा हाच आहे.

काल दुपारी मुलगा मला डोळे तपासायला नेत होता. मी पुढे त्याच्या शेजारी होतो. त्याचा फोन माझ्या शर्टाच्या खिशात होता. तो गाडी चालवत असताना फोन मी काढून घेतो, त्यावरून आमची रोज कुरबुर होते. गाडी सावकाश होती. वळणाच्या आधी त्याने ब्रेक दाबला. पेडल तळाला गेले. त्याने पुन्हा पुन्हा पाय मारला, मी त्याच्या पायाकडेच बघत होतो. हँडब्रेक ओढला, तोही लागला नाही. तो म्हणाला, "अण्णा, घट्ट धरा." उताराने गाडी वेग घेत गेली व शिलाईच्या दुकानावर आदळली. टेलर मास्तर उजेडासाठी दारात मशीन घेऊन बसले होते. त्यांचा उजवा पाय मशीन आणि गाडी यांच्यामध्ये सापडला. आता अंगात आहे तो शर्ट मास्तरांनीच शिवलेला आहे.

मास्तरांनी दवाखान्यात सांगितले की गाडी भरधाव आली. त्यांचे चुकले असे मी म्हणत नाही. पण त्यावरून मुलावर निष्काळजीपणाचा गुन्हा लागत आहे. लायसन गेले तर त्याला दुसरे काम येत नाही.

आज सकाळी ठाण्याच्या आवारात तपासणीसाने गाडी उचलून पाहिली. मी हजर होतो. काळा थर नखाने सुटत होता. त्याखाली चिखल तसाच होता, आणि ओला होता. त्या चिखलात ब्रेकचे पाईप सडून फुटले होते व हँडब्रेकची तारही गंजून तुटली होती. कोटिंग कोणी केले, असे मुलाला विचारले. तो म्हणाला, "बाहेर कुठेतरी केलं. आठवत नाही." हे बोलताना त्याने माझ्याकडे पाहिले नाही.

त्यानंतर जावई मला समोरच्या चहाच्या टपरीवर घेऊन गेले. मुलगी सोबत होती. जावई म्हणाले की मुलाच्या कानाला फोन होता एवढेच सांगा, वकील मी देतो. चहा मी घेतला नाही. मग मुलगी म्हणाली, "अण्णा, दादाचं लायसन आज ना उद्या परत मिळेल. गॅरेजला टाळं लागलं तर मी कुठे जाऊ? तुमच्याकडे? वहिनीला तुमचंच ओझं झालंय."

तरी मी सांगतो की, फोन माझ्या खिशात होता. कोटिंग माझ्या जावयांनी, त्यांच्या गॅरेजमध्ये, गाडी न धुता केले. मुलाने आठवत नाही असे सांगितले, ते खोटे आहे. ते त्याने बहिणीसाठी सांगितले. खोटे सांगितल्याचा वेगळा गुन्हा होत असेल तर तो त्याच्यावर लावू नये, अशी विनंती आहे.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर पुढील ओळी माझ्या सांगण्यावरून जोडल्या. वाचताना दार उघडे होते. मुलगी बाहेर बाकावर होती, तिने ऐकले. गॅरेजचा उल्लेख आला तेथे ती उठून उभी राहिली. साहेब वाचायचे थांबले व यात काही बदलायचे आहे का, असे त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, पुढे वाचा. वाचून संपले तेव्हा बाक रिकामा होता. लिहिले आहे ते मी सांगितले तसेच आहे आणि खरे आहे.