शांत स्वभावाचा मुलगा

भागिरथा — मंग लिलाले काय सांगू? उद्या तुहा दीर तिले पाहाले माह्या माहेरी धनजले जाऊन राह्यला, अन् तू त तोंडच उघडत नाही.

अंजना — भिवाजी भाऊजी शिकलेले आहेत, भागिरथाबाई. पक्की नोकरी आहे.

भागिरथा — नोकरी नाही इचारली वं. स्वभाव इचारला. माही लहान बहीण हाय थे.

अंजना — शांत आहेत. अगदी ह्यांच्यासारखे.

भागिरथा — मंग झालं त! इंद्रभान मास्तराचा आवाज गल्लीनं कधी ऐकला नाही. नाहीतर आमचं ध्यान! काल वरण खारट झालं त बादली अंगणात फेकली, बैल बिचकले. खरं सांगू? तुहा हेवा वाटते मले.

अंजना — मला तुमचा वाटतो.

भागिरथा — माहा? त्या भोंग्यासाठी? मजाक करून राह्यली काय?

अंजना — तुमच्यावर कधी हात उचलला त्यांनी?

भागिरथा — हिंमत हाय काय! अन् ओरडला का बाजूची सोजरबाई बेलनं घेऊनच दारात हजर. तिले पाहून मंग सोताच हासते.

अंजना — तेच. काल खिडकीशी उभी राहून ऐकत होते, आणि जळत होते. तुमच्याकडे कुणीतरी धावून येतं.

भागिरथा — अंजना... इकडे पाह्य. मास्तर?

अंजना — हळू बोला, बाळ उठेल. मंगरूळच्या बसमध्ये कंडक्टरनं बाळाला वर घेतलं. मी हसले. हे वाटेत काहीच बोलले नाहीत. घरी येऊन पाय धुतले, दार लावलं. मारतानाही आवाज चढत नाही त्यांचा. ‘कोणासाठी हसलीस?’ एवढंच विचारत राहतात.

भागिरथा — माय वं! अन् तू शिकलेली...

अंजना — कॉलेजात मानसशास्त्राच्या बाईंनी फळ्यावर दोन खाने पाडले होते. तापट आणि शांत. स्थळ आलं तेव्हा मी ‘शांत’ ऐकलं आणि लगेच हो म्हटलं.

भागिरथा — पण भिवाजी अलग असंन ना? तो कुठी असते तवा?

अंजना — ओट्यावर.

भागिरथा — अन् मधात पडत नाही?

अंजना — ट्रान्झिस्टर मोठा करतात.



भागिरथा — लिलाले ताप आला, असा निरोप देईन. तुहं नाव निंघणार नाही.

अंजना — ह्यांना संशय येईलच.

भागिरथा — येऊ दे. सांजच्यान तुह्या ओट्यावर येऊन बसीन. दार लावलं त वाजवीन.

अंजना — लिलाचासुद्धा हेवा वाटतो मला.

भागिरथा — आता तिचा कायले?

अंजना — तिची बहीण आधी विचारायला आली.