मास्तरचा डावा ब्रेक

चहा गार झाला तरी चालंल, पण हे ऐका. आमच्या सद्यानं कळंब्याच्या गोल ट्रॅकवर वारलेल्या ड्रायव्हिंग मास्तरची जुनी मारुती शर्यतीत उतरवली. शिकणारा चुकला की मास्तरनं दाबायचा, तसला डावीकडं जादा ब्रेक हुता तिला; तो दाबला की ड्रायव्हरचा ब्रेक बी आपसूक खाली जायचा. सुटताना मी चिडवलं, “जपून रं, मास्तर शेजारी बसलाय.”

शेवटच्या वळणाला सद्या पुढच्या दोघांना गाठणार, तेवढ्यात त्याची गाडी जागेवर थांबली. पुढचे दोघं एकमेकांवर आदळले, गाड्यांचा पार चुरा.

सद्या उतरून माझ्याकडं आला. “तात्या, डावा ब्रेक दबू नये म्हणून तार बांधलीस न्हवं? तरी माझ्या पायाखालचा ब्रेक आपसूक खाली गेला.”

मी हातातली पिशवी उघडली. गाडी हलकी व्हावी म्हणून तो डावा ब्रेक मी सकाळीच खोलून पिशवीत टाकलेला.

सद्यानं आत बघितलं.

“मग मास्तरनं काय दाबलं?”