वरच्या लँडिंगची सळई

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या ऑफिसचे संस्थापक, आदरणीय साहेब. प्रमुख पाहुण्या म्हणून आवर्जून आलेल्या निवृत्त मुख्याध्यापिकाबाई. सत्कारमूर्ती ताई, त्यांचे यजमान आणि दोन्ही मुली. ठेकेदार मंडळी, फिटर, सुतार, गवंडी आणि माझ्या सहकारी मित्रमैत्रिणींनो, आपणा सर्वांना माझा सविनय नमस्कार.

ताईंच्या गुणांविषयी आधीच्या वक्त्यांनी इतकं सुंदर सांगितलं आहे की माझ्यासाठी फारसं काही उरलं नाही. त्यामुळे मी माझ्याबद्दलच बोलणार आहे. राग मानू नका, त्यातूनच ताई दिसतील.

एकतीस वर्षं आमच्या ऑफिसातून बाहेर पडणारं प्रत्येक ड्रॉइंग ताईंनी तपासलं. त्यांची सही नाही तर कागद साइटवर जात नाही. एकतीस वर्षांत एकच कागद तसा गेला, आणि तो मी पाठवला होता. होय, मीच. मागे कुजबुज करू नका, जुन्या लोकांना माहीत आहे.

मला नोकरीला लागून दोन वर्षं झाली होती. म्हणजे अंगात जेवढी अक्कल नव्हती तेवढा आत्मविश्वास होता. एका शाळेची दुमजली इमारत आमच्याकडे होती आणि तिचा जिना मला दिला होता. आता जिन्याकडे लक्ष कोण देतं? इमारतीचं कौतुक करणारा माणूस दर्शनी भिंत बघतो, खिडक्या बघतो. पण आत काही विपरीत घडलं तर सगळी माणसं धावतात कुठे? जिन्याकडेच ना? हे तेव्हा मला सुचलं असतं तर आज या भाषणाला विषय उरला नसता.

ताई त्या आठवड्यात रजेवर होत्या. वडिलांचं ऑपरेशन होतं. ठेकेदाराचे दिवसातून चार फोन येत होते. मी म्हटलं, जिनाच तर आहे! दिलं पाठवून. गुरुवारी काँक्रीट ओतलं गेलं.

सोमवारी ताई आल्या. पदर खोचून त्यांनी आठवडाभराचा गठ्ठा समोर ओढला. तासाभरानं हाक आली. त्यांच्या हातात माझ्या जिन्याच्या ड्रॉइंगची प्रत होती.

"हे कुठं आहे?"

"साइटवर."

"ओतलं?"

"गुरुवारी."

त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "खालचे टेकू?"

"आहेत अजून."

"देव पावला. फोन लाव, एकही काढू नका म्हणावं."

चूक काय होती, हे इथल्या बिगर-इंजिनियर पाहुण्यांसाठी सांगतो. ताईंनी मला समजावलं तसंच सांगतो. त्यांनी एक जाड रजिस्टर अर्धवट उघडलं. एका पानावरून आतल्या खाचेत आणि तिथून दुसऱ्या पानावर अशी एक दोरी नेली, खाचेपाशी चिकटपट्टी लावली आणि दोन्ही टोकं माझ्या हातात दिली. "ओढ." मी ओढली. चिकटपट्टी फाटकन सुटली आणि दोरी खाच सोडून सरळ झाली.

"कळलं?" त्या म्हणाल्या. जिना चढत वर येतो आणि लँडिंगला, म्हणजे वरच्या सपाट भागाला मिळतो, तिथं खालच्या अंगाला असाच आत गेलेला कोपरा असतो. मी खालची सळई त्या कोपऱ्यातून तशीच वळवून पुढे नेली होती. भार आला की ती सरळ व्हायला बघणार आणि खालचं काँक्रीट फोडून बाहेर येणार. तिथं दोन वेगळ्या सळया एकमेकींना ओलांडून पलीकडे काँक्रीटमध्ये खोल रुतवायच्या असतात. पुस्तकात मी ते वाचलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं. मार्क पण मिळाले होते!

आम्ही साहेबांकडे गेलो. अध्यक्ष महोदय, आपली परवानगी गृहीत धरतो. साहेब म्हणाले, "भार ठेवून बघू. तडा गेला नाही तर राहू द्या. आठ दिवसांवर शाळा उघडायची आहे." ताई म्हणाल्या, "साहेब, आज तडा जाणारच नाही. एखाद्या वर्षी मधल्या सुट्टीत अडीचशे पोरं एकदम खाली पळतील, त्या दिवसाची जबाबदारी कोण घेणार?" साहेबांनी ड्रॉइंग पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाले, "तोडा." साहेब, त्या एका शब्दाबद्दलही आज आपले आभार मानायचे आहेत. तेव्हा माझी हिंमत नव्हती.

पण शाळेला सांगणार कोण? मी लाडीगोडी लावली, "ताई, तुम्ही सांगा ना. तुमचं ऐकतील."

"ड्रॉइंग कुणी काढलं?"

"मी."

"मग झालं तर. मी सोबत येते, शेजारी उभी राहते. बोलायचं तू."

मुख्याध्यापिकाबाईंच्या खोलीत नव्या रंगाचा वास येत होता, बाकं अजून पुठ्ठ्यात गुंडाळलेली होती. मी सांगितलं. इतकं पुटपुटत, की दोनदा सांगावं लागलं. बाईंनी विचारलं, "तुम्ही गप्प बसला असता तर?"

"कदाचित काही वर्षं काहीच झालं नसतं."

"आणि नंतर?"

मी ताईंकडे पाहिलं. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या, समोर बघत होत्या. मग मीच म्हणालो, "नंतर खालून काँक्रीट निखळलं असतं. मुलं जिन्यावर असताना."

बाईंनी टेबलावरचं कॅलेंडर पुढे ओढलं. मग म्हणाल्या, "शाळा उशिरा उघडली म्हणून पालक माझ्याशी भांडतील. ते मी बघते. तुम्ही जिना नीट करा." बाई, त्या दिवशी तुम्ही मला हाकलून दिलं असतं तरी मी काय करू शकणार होतो?

जिना फोडायला आठ दिवस लागले. धुळीत तोंड पांढरं करून मी तिथंच उभा होतो. ज्या फिटरदादांनी सळया बांधल्या होत्या ते म्हणाले, "मला तेव्हाच वेगळं वाटलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही विचारलं कुठं?"

दादा समोर बसले आहेत आणि हसत आहेत. त्या दिवसापासून मी विचारतो, याला ते साक्षीदार आहेत.

फोडकाम संपलं त्या दिवशी मी राजीनामा लिहून ताईंच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो लाल पेन घेऊन वाचला. "शुद्धलेखनाच्या तीन चुका आहेत. दुरुस्त करून आण." मी मान खाली घालून नवा लिहून आणला. त्यांनी पुन्हा वाचला. "आता चूक नाही. म्हणजे दुरुस्त करता येतं तुला. फाड तो आणि साइटवर जा, सळया बांधायला घेतल्यात."

नवं काँक्रीट ओतण्याआधी लँडिंगच्या कोपऱ्यातली एकेक सळई त्यांनी मला हातानं मोजायला लावली. शाळा तीन आठवडे उशिरा उघडली. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. जिना उभा आहे.

एक शेवटचं, आणि हे मी ताईंना न विचारता सांगतोय. ताई निवृत्त होत आहेत, म्हणून तपासणीचं काम आता माझ्याकडे आलं आहे. मागच्या मंगळवारी ताईंनी स्वतः काढलेलं एका दवाखान्याच्या जिन्याचं ड्रॉइंग माझ्याकडे आलं. साइटवर त्याची वाट बघत होते. त्यात तळमजल्याच्या फरशीची जाडी धरायची राहिली होती. पहिली पायरी बाकीच्यांपेक्षा दोन बोटं बुटकी झाली असती. दोन बोटं म्हणजे काय हो? पण जिन्यावर आपले पाय न बघता मोजत असतात, आणि दवाखान्यात येणारा माणूस आधीच धडपणे उभा नसतो.

मी दोनदा पाणी प्यायलो, मग त्यांच्याकडे गेलो. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा हिशेब मांडला. "चुकलंय माझं," म्हणाल्या. मी घाईनं म्हटलं, "मी कळवतो साइटला, तुम्ही कशाला..." तोवर त्यांनी फोन उचलला होता. सगळं ऑफिस ऐकत होतं. "पहिल्या पायरीचं माप चुकलंय. चूक माझी आहे. ड्रॉइंग आता संध्याकाळी मिळेल."

फोन ठेवून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की वाटलं, एकतीस वर्षांत एवढा आनंद त्यांना कशानं झाला नसेल.

ताई, तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानू? व्यासपीठावरील मान्यवरांनी आणि तुम्ही सर्वांनी माझं लांबलेलं बोलणं शांतपणे ऐकलंत, त्याबद्दल मी ऋणी आहे. काही कमीजास्त बोललो असेन तर पोटात घाला, असं शेवटी म्हणायची रीत आहे. पण ताई समोर बसलेल्या असताना ते म्हणायची सोय नाही. तेव्हा ताई, काही चुकलं असेल तर पोटात घालू नका. आत्ताच सांगा.