कमान का हौद

पोरा, माझ्या एका तरी शब्दावर इस्वास ठिवून दाखव! लातूर नवा जिल्हा झाला, त्या सालच्या दुष्काळात सायेब गावात इचारायला आला, "शाळंचा पैसा कशाला लावायचा?"

सरपंच म्हनला, "शाळंला कमान बांधू."

मी म्हनलं, "हौद बांधा, टँकर पानी वतंल त्यात. पोरी पान्याला जातेत, शाळंत कोन बसतंय?"

सगळे हसले. सायबाचं जेवन माझ्याच घरी हुतं. बरं म्हनलं, आधी जेवा. सायबाच्या ठेच्यात मिरच्या लई पडल्या. सायेब लालबुंद!

"मावशी, पानी!"

"पानी पोरींच्या डोक्यावर हाय, इहिरीवरनं यायचंय आजून. तवर कमानीतनं निघतंय का बघा."

डोळं पुसत पुसत सायेब म्हनला, "सरपंच, हौदच बांधा."

झाली गोस्ट. ऊठ आता पोरा, जा घरी!