ऐन शर्यतीत उतरणारी बॅटरी

आपल्या मोबाइलची फुटलेली काच विसरून एक मुलगी दुरुस्तीच्या दुकानात पुढे उभ्या असलेल्या सासूसुनेचं बोलणं कान टवकारून ऐकत होती. सासूबाईंनी व्हिडिओ गेमचा वायरलेस कंट्रोलर काउंटरवर ठेवला.

"रात्रभर चार्जिंगला लावते, तरी शर्यत रंगात आली की हा मान टाकतो."

"केबल बदलून पाहिली ना आपण, आई."

"दोनदा! आज संध्याकाळी जाऊबाईंशी शेवटची शर्यत आहे. त्या सगळ्या नात्यात सांगत सुटल्यात, की मी हरायला लागले की माझी बॅटरी उतरते."

"आजी, बॅटरी ठणठणीत आहे," मीटर लावून दुकानदार म्हणाला. "घरी केबल कुठे जोडता?"

"टीव्हीच्या मागच्या यूएसबीत."

"आणि रात्री टीव्हीचं भिंतीवरचं बटण चालू असतं?"

"असणारच. मी त्याला हातसुद्धा लावत नाही. हो ना गं?"

"मी बंद करते, आई. रोज."

"मग याला रात्रभर वीजच मिळत नाही," दुकानदार म्हणाला. "आता इथेच लावतो, संध्याकाळपर्यंत भरेल."

"पण बटण बंद करायला तुला सांगितलं कुणी?"

"तुम्हीच. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात. झोपण्यापूर्वी घरातलं एकूण एक बटण बंद करायचं, म्हणालात."

"त्याच आठवड्यात भाजीत मीठ बेतानं घाल असंही म्हणाले होते. ते बरं नाही लक्षात राहिलं!"